धंदा काढण्याआधी शिवार पाहा

पोरगं आयटीआय करून घरी आलं की बापापुढं प्रश्न पडतो, याला धंदा काय काढून द्यायचा? फाट्यावर एकाचं मोबाईलचं दुकान चाललं की त्याच्याशेजारी आणखी तीन उभी राहतात. गिऱ्हाईक मात्र तेवढंच! शेतकरी बंधूंनो, शेजाऱ्याचं पाहून धंदा ठरवू नका. आपल्या शिवारात दर हंगामाला कोणतं काम अडतं आणि ते करणारा जवळपास कोणी नाही, ते आधी शोधा.

ठिबकचंच उदाहरण घ्या. संच विकणारे पुष्कळ, पण पुढं त्याची निगा राखणारा शोधावा लागतो. क्षाराने ड्रिपर तुंबतात, शेवाळाने फिल्टर भरतो, टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही. एवढं एकच काम नीट शिकलेल्या पोराला त्यात धंदा आहे.

काम असं : सँड फिल्टर उलट्या पाण्याने धुणे, जाळी साफ करणे, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढणे, फुटक्या नळ्या जोडणे. क्षार साचले असतील तर आम्ल प्रक्रिया करावी लागते. बादलीभर पाण्याचा सामू ४ वर यायला किती आम्ल लागतं ते पाहून संचाचा हिशोब करायचा. आम्लाचं पाणी संचात २४ तास ठेवून मग टोकं उघडून धुवायचं. आम्ल नेहमी पाण्यात ओतावं, आम्लात पाणी कधीही ओतू नये. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडू देऊ नये, विषारी वायू होतो. हातमोजे व चष्मा हवाच. हे काम जाणकाराच्या हाताखाली शिकूनच करावं.

पैसे मागताना पुरावा दाखवा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर पाणी देतो. कामाआधी आणि कामानंतर शेतकऱ्यासमोर भांडं लावून मोजा. फरक डोळ्यांनी दिसला की दरावरून घासाघीस कमी होते. दर एकरी ठरवा, सामानाचे पैसे वेगळे धरा आणि दोन्ही वहीत लिहा.

वर्षभर काम मिळेल का? द्राक्षाची छाटणी एप्रिल आणि ऑक्टोबरात, डाळिंबाचे बहार जून, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत. त्याआधीचे दिवस तुमचे. पण तुमच्या भागात ठिबक तुरळक असेल तर हा धंदा तुमचा नव्हे. तिथं मोटारी भरणं किंवा फवारणीचे पंप दुरुस्त करणं चालेल का, ते पाहा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही हातभार लावावा. गावात ठिबक किती एकरांवर आहे, विद्युत मोटारी किती आहेत, याचा अंदाज पोराला दिला तरी कर्ज काढण्याआधी त्याला हिशोब मांडता येईल.

एक ना धड, भाराभर चिंध्या असं करू नका. सुरुवातीला पाच शेतं मनापासून करा. सहावा शेतकरी आपण होऊन बोलावतो का, ते पाहा. बोलावलं, तरच पुढचा पैसा घाला.