नमुना तयार झाला, ऑर्डर कुठे आहे?

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगरात, शीळ-बदलापूर रस्त्यावर, नौदलाला लागणारे धातू, रंग, रबर आणि पॉलिमर यांवर संशोधन करणारी डीआरडीओची एनएमआरएल ही प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून फ्युएल सेलवर चालणारी एआयपी यंत्रणा तिने थरमॅक्स आणि एल अँड टी या कंपन्यांच्या साथीने विकसित केली. मार्च 2021 मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार झाला तो डिसेंबर 2024 मध्ये. पाठीशी सरकार आणि बड्या कंपन्या असतानाही मध्ये पावणेचार वर्षं गेली. आनंदनगरच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराने सैन्यासाठी नवं काही बनवलं, तर एवढा काळ तो पगार आणि बँकेचा हप्ता कुठून भरणार?

अशा उद्योजकांसाठी एप्रिल 2018 मध्ये आयडेक्स योजना आली. सैन्यदलं आपली अडचण मांडतात, स्टार्टअप आणि लघुउद्योग उपाय सुचवतात, आणि निवड झालेल्याला नमुना घडवायला दीड कोटीपर्यंत अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं. तेवढाच वाटा त्याने स्वतः उचलायचा असतो. पुढे ही मर्यादा आयडेक्स प्राइममध्ये 10 कोटी आणि 2024 च्या अदिती योजनेत 25 कोटी झाली. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी तर प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत भार उचलतो. पैसा वाढतो आहे, ही चांगलीच गोष्ट. पण माझ्या मते खरी अडचण नमुन्याच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. फेब्रुवारी 2025 पर्यंत आयडेक्सचे 430 करार झाले होते. त्याच सुमारास सरकारने सांगितलेल्या आकड्यांनुसार खरेदीला मंजुरी मिळाली ती 43 वस्तूंना, 2,400 कोटींहून अधिक किमतीच्या. बरेच करार नवे आहेत, त्यामुळे एवढ्यावरून योजना फसली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही अनुदानाचं यश करारांवर नव्हे, ऑर्डरींवर मोजायला हवं, इतकं हे आकडे नक्की सांगतात.

यावर आक्षेप येतो की ऑर्डरची हमी दिली तर सैनिकाच्या माथी कच्चं यंत्र मारलं जाईल. ही भीती रास्त आहे, म्हणून सरसकट हमी नकोच. आधी ठरवलेल्या कसोट्यांवर जो नमुना उतरेल, त्याची पहिली छोटी खेप ठरावीक मुदतीत घ्यावी, एवढंच मागणं आहे. अमेरिकेत 1982 मध्ये सुरू झालेल्या एसबीआयआर योजनेत पहिल्या दोन टप्प्यांत यशस्वी ठरलेल्या छोट्या कंपनीला तिसऱ्या टप्प्यात नव्या स्पर्धेविना कंत्राट देता येतं. स्पर्धा आधीच झालेली असते.

आणि कसोटी घ्यायची कुठे? संरक्षण चाचणी सुविधांसाठी 2020 मध्ये 400 कोटींची योजना आली, पण मंजूर झालेली केंद्रं उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण औद्योगिक कॉरिडॉरमध्ये आहेत. डीआरडीओने आपल्या चाचणी सुविधा शुल्क घेऊन उद्योगांना खुल्या केल्या आहेत. आनंदनगरच्या कारखानदाराच्या दाराशीच एनएमआरएल आहे. अनुदानाच्या करारातच तिथल्या चाचणीचा खर्च आणि तारीख लिहिली गेली, तर नमुना तयार झाल्यावर त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहत बसावं लागणार नाही.