एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा भरणे

एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा भरणे म्हणजे उच्च दाबाच्या मोठ्या टाकीतील संपीडित हवा नेमबाजीच्या रायफलला जोडल्या जाणाऱ्या लहान सिलिंडरमध्ये घेणे. या कामासाठी बहुधा पाणबुडे श्वसनासाठी वापरतात तशी टाकी वापरली जाते. कृती काही मिनिटांची असली तरी तिच्यात २०० ते ३०० बार इतका दाब हाताळावा लागतो. भारतात अशा मोठ्या टाक्यांवर पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) या केंद्रीय संस्थेचे नियंत्रण असून तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

पार्श्वभूमी

१० मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा वापरतात आणि लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. महाराष्ट्राच्या अंजली भागवत, सुमा शिरूर आणि २०२२ मध्ये कैरो येथे विश्वविजेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ही नावेही याच प्रकाराशी निगडित आहेत.

जुन्या रायफली स्प्रिंगवर किंवा प्रत्येक बाराआधी तरफ ओढून दाबलेल्या हवेवर चालत. काही कार्बन डायऑक्साइडवर चालत. आता आधीच भरलेल्या संपीडित हवेच्या रायफली सर्वत्र रूढ झाल्या आहेत. त्यांतील दाबनियामक प्रत्येक बाराला जवळपास सारख्याच दाबाची हवा पुरवतो. त्यामुळे छऱ्याचा वेग कायम राहतो, धक्का जवळजवळ बसत नाही आणि एका भरणीत संपूर्ण सराव पार पडतो.

साठलेली ऊर्जा

स्पर्धेतील छऱ्याची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. याउलट १२ लिटर क्षमतेच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेली हवा एकाएकी मोकळी झाली, तर सुमारे साडेचार लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडेल. ही ऊर्जा साधारण १०० ग्रॅम टीएनटी या स्फोटकाइतकी आहे. नेमबाजीच्या दालनात सगळ्यांचे लक्ष रायफलच्या नळीकडे असते. धोक्याच्या हिशेबाने ते कोपऱ्यातल्या टाकीकडे अधिक असायला हवे.

तापमानाचाही विचार करावा लागतो. बंद पात्रातील हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २७ अंश सेल्सिअसला २०० बार भरलेला सिलिंडर ४७ अंशांना सुमारे २१३ बार आणि उन्हात बंद मोटारीत ६७ अंशांपर्यंत तापल्यास सुमारे २२७ बार दाखवील. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात हे निव्वळ पुस्तकी गणित राहत नाही. भरलेला सिलिंडर मोटारीत ठेवून जाणे टाळावे, ते याच कारणासाठी.

टाकी आणि जोडणी

पाणबुड्यांच्या टाक्या पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या असतात व त्यांचा कार्यदाब २००, २३२ किंवा ३०० बार असतो. झडपेला जोडणी दोन प्रकारे होते. एकात पकड बाहेरून आवळतात, तर दुसऱ्यात जोडणी झडपेच्या आत आट्यांनी फिरवून बसवतात. ३०० बारच्या टाकीसाठी दुसराच प्रकार वापरतात. जोडणीच्या भागावर लिहिलेला दाब टाकीच्या दाबापेक्षा कमी असता कामा नये. आटे जुळत नसताना मधे तुकडा बसवून काम भागवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती घातक आहे.

स्पर्धेच्या रायफलच्या सिलिंडरची मर्यादा सामान्यतः २०० बार असते. तो ३०० बारच्या टाकीला सरळ जोडून झडप भरकन उघडली, तर काही क्षणांत मर्यादा ओलांडली जाते. म्हणून २०० बारची टाकी वापरणे किंवा मधे दाबनियामक व सुरक्षा झडप बसवणे श्रेयस्कर.

टाकी जसजशी रिकामी होते तसतशी भरणी अपुरी होत जाते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार असताना १०० बार उरलेला पाव लिटरहून लहान सिलिंडर जोडला, तर दोन्हींचा दाब सुमारे १९८ बारवर स्थिरावतो. टाकी १५० बारवर आली की सिलिंडरही १५० पलीकडे जात नाही. हा दोष नसून भौतिक नियम आहे.

भरण्याची रीत

प्रथम सिलिंडरवरील उत्पादनाची तारीख व कमाल दाब वाचावा. प्रमुख उत्पादक या सिलिंडरांची वापरमर्यादा १० वर्षे ठरवतात. मुदत संपलेला सिलिंडर चांगला दिसत असला तरी भरू नये. तो आपटलेला किंवा ओरखडलेला असल्यासही बाजूला ठेवावा.

रायफलपासून सिलिंडर सुटा करून आटे स्वच्छ पुसावेत. टाकी आडवी होणार नाही अशी बांधावी. जोडणी बसवण्यापूर्वी झडप क्षणभर किंचित उघडून धूळ उडवून द्यावी; त्या वेळी झडपेच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये. नंतर जोडणी व सिलिंडर हातानेच घट्ट करावेत, दाब मोकळा करण्याचा स्क्रू बंद करावा आणि टाकीची झडप अगदी हळू उघडावी. दाबमापकाचा काटा सावकाश चढला पाहिजे. वेगाने भरल्यास सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते आणि थंड झाल्यावर दाब काही बारांनी उतरतो. ती घट भरून काढण्यासाठी आधीच मर्यादेबाहेर भरणे चुकीचे आहे. हवा निवल्यावर पुन्हा थोडी घ्यावी. इच्छित दाब येताच टाकीची झडप बंद करावी, मग स्क्रू सैल करून मधल्या जागेतील हवा सोडावी आणि त्यानंतरच सिलिंडर काढावा. हा क्रम उलटल्यास दाबाखालचे आटे सोडवले जातात. बहुतेक इजा याच घाईत संभवतात.

हवेची शुद्धता

श्वसनासाठीची टाकी भरणारे यंत्र गाळणीतून तेल व बाष्प काढून टाकते. कोरडी हवा सिलिंडर व दाबनियामक गंजू देत नाही. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेत मात्र ओलावा राहू शकतो.

शुद्ध ऑक्सिजन कधीही भरू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये वंगणाचा अंशही पेट घेऊ शकतो. भारतात ऑक्सिजनच्या सिलिंडरचे अंग काळे व खांदा पांढरा असतो. पाणबुड्यांच्या काही टाक्यांमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले मिश्रण असते, तेही वर्ज्य. टाकी पाणबुड्याची आहे एवढ्यावरून आत साधी हवाच आहे असे धरून चालणार नाही.

कायदेशीर बाजू

पेसोची परंपरा १८९८ मध्ये स्थापन झालेल्या स्फोटके विभागापासून सुरू होते. १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांची अंमलबजावणी ती करते. सिलिंडर व झडप मान्यताप्राप्त प्रकारची असणे, ठरावीक कालांतराने जलदाब चाचणी होणे, झडपेला तेल किंवा वंगण न लावणे आणि संपीडित वायू भरण्यासाठी परवाना असणे या अटी त्यात आहेत. परदेशातून आणलेल्या टाकीवर तिकडचा शिक्का असला, तरी तेवढ्याने ती येथे मान्य ठरत नाही.

या नियमांत सिलिंडर म्हणजे ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक व १,००० लिटरपर्यंतचे पात्र. पाणबुड्याची टाकी या व्याख्येत सहज बसते. रायफलचा सिलिंडर आकाराने लहान असल्यामुळे व्याख्येबाहेर राहतो, मात्र त्यातील दाब टाकीइतकाच असतो. त्याची मुदत व स्थिती तपासण्याची जबाबदारी त्यामुळे नेमबाज, प्रशिक्षक आणि क्लब यांच्यावर येते. शालेय वयाचे खेळाडू असलेल्या क्लबांमध्ये भरणीचे काम प्रशिक्षित प्रौढ व्यक्तीकडेच सोपवले जाणे आवश्यक असून प्रत्येक सिलिंडरची तारीख नोंदवहीत उतरवून ठेवणे सोयीचे ठरते.