कॅथलिक शाळांतील धर्मशिक्षण

कॅथलिक शाळांतील धर्मशिक्षण : रोमन कॅथलिक पंथाचे धर्मप्रांत, धर्मसंघ किंवा त्यांच्या विश्वस्त संस्था ह्यांनी चालविलेल्या शाळांतून विद्यार्थ्यांना मिळणारे धर्मविषयक शिक्षण. ही संज्ञा व्यवहारात तीन भिन्न गोष्टींना लावली जाते आणि पालकांच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ ह्या संदिग्धतेत आढळते. कॅथलिक मुलांना आपल्या पंथाची श्रद्धातत्त्वे, संस्कार, प्रार्थना व आचार शिकविणे हा पहिला प्रकार. त्यास श्रद्धाशिक्षण म्हणता येईल. गोव्यात त्याला ‘दोतोर्न’ म्हणतात. सर्व धर्मांच्या मुलांसाठी असलेले नीतिशिक्षण वा मूल्यशिक्षण हा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार वेळापत्रकात दिसत नाही : सकाळची सामुदायिक प्रार्थना, भिंतीवरील क्रूस, नाताळची नाटिका, ज्या संताचे नाव शाळेला दिले आहे त्याचा सण. लहान मुलाच्या मनावर ह्या तिसऱ्या प्रकाराचा ठसा पहिल्या दोहोंहून अधिक उमटण्याचा संभव असतो. तथापि पालक व शाळा ह्यांच्यात त्याविषयी बोलणे क्वचितच होते.

गोवे व महाराष्ट्र ह्या प्रदेशांत ह्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) ह्यांनी पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारे कोकणीत तयार केलेली प्रश्नोत्तररूप धर्मपोथी त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, साष्टी भागातील राशोल येथे छापली गेली. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण त्याआधी १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या पुराणाच्या आरंभी एक लक्षणीय प्रसंग आहे. साष्टीत मुलांना धर्मपाठ दिला जात असता तेथे आलेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी मनाला समाधान देणारे दुसरे पुराण का देत नाही? पाठांतरासाठी दिलेल्या सूत्रांनी मन भरत नाही, ही तक्रार अशा प्रकारे ह्या विषयाइतकीच जुनी आहे. त्या काळच्या गोव्यात राजसत्ता व धर्मसत्ता एकमेकींत गुंतलेल्या असल्याने पालकांच्या संमतीचा प्रश्न मात्र कोणी उपस्थित केला नाही.

तो प्रश्न इंग्रजी अमलात पुढे आला. १८५४ च्या वुड खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व स्वीकारले. अनुदान लौकिक शिक्षणाच्या दर्जावर द्यावे व शाळेतील धार्मिक शिकवणीची दखल सरकारी निरीक्षकाने घेऊ नये, अशी त्यातील भूमिका होती. त्याच सुमारास मुंबई व पुणे येथील मोठ्या कॅथलिक शाळा उभ्या राहिल्या : माझगावची सेंट मेरीज (१८६४), पुण्याची सेंट व्हिन्सेंट (१८६७), मुंबईची सेंट झेवियर्स (१८६९). पुढे अशा शाळांत हिंदू, पारशी, मुसलमान व जैन मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. अनेक ठिकाणी कॅथलिक मुले अल्पसंख्य झाली. एकाच वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी बसू लागल्यावर धर्मपाठाच्या तासाला त्यांची विभागणी करण्याची पद्धत रूढ झाली. कॅथलिक मुले धर्मपाठासाठी वेगळ्या खोलीत जातात व उरलेली नीतिशिक्षणासाठी वर्गातच थांबतात, ही व्यवस्था मुंबईतील कोणाही माजी विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे.

भारतीय संविधानाने ह्या विषयाची चौकट निश्चित केली. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह्या तरतुदीवरील चर्चेस उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी सरकारी शाळांत धर्मशिक्षण का नसावे, ह्याची कारणे विशद केली होती. करातून मिळालेला पैसा एखाद्या धर्माच्या शिकवणीवर खर्च होणे अनुचित आहे आणि परस्परविरोधी सत्यतेचे दावे करणारे धर्म शाळेत आणल्यास तेथील शांतता बिघडेल, हे त्यांतील प्रमुख मुद्दे होत. त्यानुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षणास अनुच्छेद २८ (१) अन्वये मनाई आहे. खाजगी शाळांना ही मनाई लागू नाही. अनुच्छेद ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्कही दिला आहे. ह्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे अनुच्छेद २८ (३). शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणाही विद्यार्थ्यास, त्याने स्वतः किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाने संमती दिल्याखेरीज, धर्मशिक्षणात भाग घेण्यास अथवा तेथील उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. शाळा विनाअनुदानित असली, तरी तिला शासनाची मान्यता असल्यास ही तरतूद लागू होते.

येथे इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे १८७० च्या प्राथमिक शिक्षणविषयक कायद्याने व नंतर १९४४ च्या कायद्याने पालकाला आपले मूल धर्मपाठातून काढून घेण्याचा हक्क दिला. म्हणजे मूल बसणार हे गृहीत धरून नकार कळविण्याचे काम पालकावर सोपविले. भारतीय संविधानाची रचना उलट आहे. येथे संमती आधी हवी, आणि पालकाचे मौन म्हणजे संमती असे त्या शब्दांवरून म्हणता येत नाही. प्रत्यक्षात मात्र भारतातील अनेक शाळा इंग्लंडच्या रीतीनेच वागतात : प्रवेश अर्जावरील ‘शाळेचे सर्व नियम मान्य आहेत’ ह्या ओळीखालची सही हीच संमती समजली जाते. विधिदृष्ट्या ही भूमिका दुबळी आहे. आणि शाळेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनेही ती फारशी हितावह नाही, कारण पालकाला आपण कशास होकार दिला हे वाद उद्भवल्यावरच कळते.

धर्मशिक्षण व धर्मांविषयीचे शिक्षण ह्यांत सर्वोच्च न्यायालयाने भेद केला आहे. गुरू नानकांचे जीवन व शिकवण ह्यांचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे डी.ए.व्ही. कॉलेज खटल्यात (१९७१) व विविध धर्मांची माहिती अभ्यासक्रमात असण्यास अनुच्छेद २८ ची आडकाठी नाही, असे अरुणा रॉय खटल्यात (२००२) सांगितले गेले. ह्यावरून येशूची दृष्टांतकथा नीतिपाठात येणे व येशू हाच तारणारा आहे असे मुलाकडून वदवून घेणे, ह्यांतील अंतर स्पष्ट व्हावे.

कॅथलिक चर्चची स्वतःची भूमिका पालकांना अनेकदा वाटते त्याहून अधिक संयत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक घोषणेत (२८ ऑक्टोबर १९६५) आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे म्हटले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेने एक पाऊल पुढे टाकले : पालकांच्या श्रद्धेशी विसंगत अशा पाठांना मुलांना सक्तीने बसविणे हा पालकांच्या हक्काचा भंग होय. ही घोषणा मुख्यतः राज्यसंस्थेला उद्देशून असली, तरी तिचे तत्त्व चर्चच्या शाळांनाही लागू पडते. १९८३ च्या विधिसंहितेतही मुलांना शब्दाने व उदाहरणाने श्रद्धेत घडविण्याचे बंधन सर्वांआधी आईवडिलांवर आहे. श्रद्धाशिक्षण व शालेय धर्मशिक्षण ही परस्परपूरक असली तरी एक नव्हेत, हे व्हॅटिकनच्या शिक्षणविभागाने १९८८ च्या दस्तऐवजात स्पष्ट केले. पहिले श्रद्धा जागविण्यासाठी असते व त्याचे स्थान मुख्यतः घर आणि धर्मग्राम हे होय. दुसरे ज्ञान देते.

ह्यामुळे कॅथलिक पालकांची एक सर्वसाधारण अपेक्षा चुकीची ठरते. मुलाला चांगल्या कॉन्व्हेंटात घातले की त्याच्या धर्माची काळजी मिटली, ही समजूत मुंबई व वसई भागांत आजही आढळते. वस्तुतः प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार व दृढीकरण ह्यांची पूर्वतयारी ही आईवडील व धर्मग्रामाचे धर्मगुरू ह्यांची जबाबदारी आहे. पोप दहावे पायस ह्यांनी १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांपर्यंत खाली आणल्यापासून ही तयारी अगदी कोवळ्या वयात करावी लागते. त्या वयात मुलाला घरातली रात्रीची प्रार्थना जितके शिकविते तितके आठवड्याचा एक-दोन तासांचा पाठ शिकवू शकत नाही. रविवारी चर्चच्या आवारात भरणारे वर्ग ही गरज अंशतः भागवितात. शाळेकडून पालकाने मागावे ते निराळे : शिक्षकाला विषयाचे नीट शिक्षण मिळालेले असणे, बायबलचा परिचय, वाढत्या मुलाच्या शंकांना न रागावता दिलेली उत्तरे. नववी-दहावीच्या मुलाला उत्क्रांतिवाद व उत्पत्तीचा ग्रंथ ह्यांची सांगड कशी घालावी हे विचारावेसे वाटते. तो प्रश्न ‘असे विचारू नये’ म्हणून परतविला गेला, तर पाठ केलेली सगळी प्रश्नोत्तरे निरुपयोगी ठरतात.

वऱ्हाडात चित्र वेगळे आहे. तेथील कॅथलिक समाज अमरावती धर्मप्रांताच्या (स्थापना १९५५) कक्षेत येतो व तो फार विरळ आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सु. १ टक्का होती. वाशिम जिल्ह्यात ती त्याहूनही पुष्कळ कमी होती. अकोला–वाशिम मार्गावरील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावातील पालक जेव्हा अशा शाळेचा विचार करतो, तेव्हा त्याच्या मनात इंग्रजी माध्यम, शिस्त व ‘सिस्टर’ असतात. धर्मशिक्षणाचा विचार बहुधा नसतोच. शाळेतील जवळजवळ सर्व मुले हिंदू, बौद्ध वा मुसलमान घरांतील असल्याने पहिल्या प्रकारचे धर्मशिक्षण तेथे नाममात्रच उरते व प्रश्न राहतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांचा. धर्मांतराची भीती आणि ‘त्यांत काय बिघडले, चांगलेच शिकवितात’ ही बेफिकिरी, ह्या दोन्ही टोकांना जाणारे पालक शाळेत एकदाही चौकशी करीत नाहीत, हे त्यांतील साम्य होय.

चौकशी करण्यासारख्या बाबी थोड्याच आहेत. परिपाठात कोणती प्रार्थना होते व तीत भाग न घेणाऱ्या मुलाने काय करावयाचे. नीतिशिक्षणाचे पुस्तक कोणते. चर्चमधील उपासनेला मुलांना नेले जाते काय व नेण्यापूर्वी लेखी विचारणा होते काय. मुलाने हात न जोडता नुसते शांत उभे राहणे शाळेला चालते की नाही, ह्या एका उत्तरावरून शाळेची वृत्ती पुरेशी कळते. बौद्ध वा मुसलमान पालकाला हा प्रश्न विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शिक्षणसंस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ख्रिस्ती परंपरा अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर लादू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका म्हणावी व शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, असेही त्यांत सुचविले आहे. ह्या सूचना प्रत्येक शाळेत सारख्याच तत्परतेने पाळल्या जातील असे गृहीत धरता येत नाही. परंतु पालकाला त्यांचा हवाला देता येतो.

नीतिशिक्षणाच्या तासाची एक अडचण निराळीच आहे. शालान्त परीक्षेत ह्या विषयाला गुण नसल्याने तो ज्याचा तास रिकामा असेल त्या शिक्षकाकडे जाण्याचा संभव असतो, आणि सहामाही परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. श्रीप्रकाश समितीने (१९५९–६०) नैतिक व आध्यात्मिक मूल्यांच्या शिक्षणाची शिफारस केली आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तास राखून ठेवण्याचे सुचविले, ते सर्व प्रकारच्या शाळांसाठी. कॅथलिक शाळांनी हा तास त्याआधीपासून चालविला असल्याने त्यांच्यापाशी ह्या विषयाचा अनुभव व छापील पुस्तके दोन्ही आहेत. तो तास प्रत्यक्षात होतो काय, हे मुलाच्या वहीवरून दिवाळीपूर्वीच समजू शकते.