दुःखात मित्राजवळ बसताना

या देशात दहा-वीस वर्षे काढली की एक प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला येतोच. ऑफिसमधल्या एखाद्या अमेरिकन सहकाऱ्याचा तरुण मुलगा अपघातात जातो, शेजारच्या बाईंना कर्करोग निघतो, किंवा आपल्याच मंडळातल्या वसईच्या वा नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबावर घाला पडतो. आपण फ्यूनरल होममध्ये रांगेत उभे असतो, रांग पुढे सरकत असते आणि मनात एकच विचार घोळत असतो : जवळ गेल्यावर बोलायचे काय?

गावाकडे हा प्रश्न फारसा पडत नसे. शेजारी पिठलं-भात घेऊन येत, आत्या-मावश्या मुक्कामाला राहत, दहाव्या-बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असे. कोणी काय करायचे हे रूढीनेच ठरवून दिलेले होते. इथे नातेवाईक हजारो मैलांवर, आणि मित्रालाच भाऊ, मावशी, शेजारी असे सगळे व्हावे लागते. २०२० आणि २०२१ साली तर कित्येकांनी आईवडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. त्या दिवसांत कोणी धड बोलले, कोणी नको ते बोलून गेले, आणि त्या दोहोंतला फरक ज्यांच्यावर वेळ आली त्यांना अजून आठवतो.

ज्यांच्या देशात आपण राहतो त्यांच्यापैकी बहुसंख्यांची परंपरा ख्रिस्ती. दुःखितांचे सांत्वन श्रद्धेच्या आधाराने कसे करावे, याचा विचार त्या परंपरेत फार जुना आहे. तो समजून घेतला तर त्यांच्या दुःखात आपण नीट उभे राहू शकतो, आणि आपल्या दुःखात ते जवळ येतात तेव्हा त्यांचे वागणेही कळते. गंमत अशी, की या विचाराचा सर्वांत मोठा धडा चुकलेल्या सांत्वनाच्या एका कथेतून मिळतो.

ईयोबाचे तीन मित्र

बायबलच्या जुन्या करारात ईयोबाचा ग्रंथ आहे. इंग्रजीत त्यालाच ‘जॉब’ म्हणतात. ऊस नावाच्या देशातला हा सज्जन, श्रीमंत माणूस. एका दिवसात त्याची गुरेढोरे, उंट, चाकर आणि दहाही मुले नाहीशी होतात. मग अंगभर गळवे उठतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागतो. ही बातमी ऐकून अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आपापल्या गावांहून येतात. त्याची दशा पाहून ते रडतात, कपडे फाडतात, डोक्यात धूळ घालतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख एवढे मोठे, की कोणी एक शब्दही बोलत नाही.

इथवर त्यांचे सगळे बरोबर चालले होते. ज्यू लोकांत घरचे माणूस गेल्यावर सात दिवसांचा ‘शिवा’ पाळतात. समाचाराला आलेल्याने आपण होऊन तोंड उघडायचे नाही, दुःखी माणूस बोलेपर्यंत थांबायचे, हा त्यांचा नियम तल्मूदच्या पंडितांनी याच प्रसंगावरून काढला. तुमच्या ज्यू सहकाऱ्याकडे शिवाला जाण्याची वेळ आली, तर एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पुढे ईयोब बोलू लागतो. आपण जन्मलोच नसतो तर बरे झाले असते, असे तो म्हणतो, आणि मित्रांना ते सहन होत नाही. ते उत्तरे द्यायला लागतात. अलीफज म्हणतो, निरपराध माणसाचा असा नाश झालेला कुणी पाहिला आहे का? बिल्दद सुचवतो, की मुले मेली ती त्यांच्या पापाने. सोफर तर म्हणतो, तुझ्या अपराधाच्या मानाने तुला देवाने कमीच शिक्षा दिली आहे. तिघेही धर्मनिष्ठ आहेत आणि बोलतात ते देवाची बाजू राखण्यासाठी. पण पापाला शिक्षा मिळते या तत्त्वावरून ते उलटे अनुमान काढतात : शिक्षा दिसते आहे, तर पाप असलेच पाहिजे. ईयोब वैतागून सांगतो, की तुमचे सांत्वन हाच एक छळ झाला आहे. इंग्रजीत ‘जॉब्ज कम्फर्टर’ हा वाक्प्रचार रूढ झाला तो यामुळेच. धीर द्यायला येऊन दुःख वाढवणाऱ्याला तो वापरतात.

बेचाळीस अध्यायांच्या या ग्रंथाचा शेवट विशेष आहे. देव वावटळीतून बोलतो, पण ईयोबावर दुःख का आले याचे कारण सांगत नाही. शेवटी तो रागावतो ते मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब योग्य बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असा त्याचा निवाडा. ज्याने देवाशी भांडण मांडले तो खरा ठरला आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते चुकले. पुढे ईयोबच त्या मित्रांसाठी प्रार्थना करतो.

आपल्याकडेही हे मित्र अनोळखी नाहीत. ‘प्रारब्ध’, ‘मागल्या जन्मीचे देणे’, ‘देवाची मर्जी’, ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ हे शब्द आपण किती सहज उच्चारतो! स्वतःच्या दुःखात माणसाने स्वतःशी म्हटले तर ते त्याला धीर देतीलही. पण त्यांतला प्रत्येक शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडून आला की निकालासारखा वाटतो.

शिकागोचे स्पॅफर्ड कुटुंब

हे फक्त जुन्या ग्रंथातच घडते असे नाही. होरेशियो स्पॅफर्ड हे शिकागोचे वकील. १८७१ च्या आगीत त्यांची बरीच मालमत्ता गेली. नोव्हेंबर १८७३ मध्ये त्यांची पत्नी ॲना आणि चार मुली युरोपला निघाल्या असताना बोट दुसऱ्या जहाजावर आदळून अटलांटिकमध्ये बुडाली. चारही मुली गेल्या, ॲना एकटी वाचली. या दुःखातून स्पॅफर्डनी लिहिलेले भजन आजही अमेरिकन चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी म्हटले जाते, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते नकळत ऐकलेही असेल.

त्या भजनामागची पुढची हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. १८८० साली त्यांचा लहान मुलगाही तापाने गेला. एकाच घरावर एवढी संकटे, तेव्हा ही कसल्या तरी पापाचीच शिक्षा असावी, अशी कुजबुज त्यांच्या धर्मबंधूंत सुरू झाली, असे त्यांची मुलगी बर्था हिने आठवणींत नोंदवले आहे. ईयोबाचा ग्रंथ ज्यांच्या घरोघर होता त्यांनीच ईयोबाच्या मित्रांचा कित्ता गिरवला. १८८१ मध्ये हे कुटुंब काही सोबत्यांसह जेरुसलेमला जाऊन राहिले. त्यांची वसाहत ‘अमेरिकन कॉलनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि पहिल्या महायुद्धाच्या उपासमारीत तिने मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती असा भेद न करता लोकांना अन्न दिले.

दोन बहिणी, एकच वाक्य

मग श्रद्धावंताने मित्राला द्यायचे तरी काय? योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायात याचे एक सुरेख उदाहरण आहे. बेथानी गावचा लाजर हा येशूचा मित्र. तो आजारी पडल्याचा निरोप मिळूनही येशू उशिरा पोहोचतो. तोवर लाजरला पुरून चार दिवस झालेले असतात. बहीण मार्था पुढे येऊन म्हणते, की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते आणि तेच वाक्य उच्चारते.

तक्रार एकच, पण येशूचे वागणे दोघींशी वेगळे आहे. मार्थाला बोलायचे असते, तिला तो पुनरुत्थानाच्या आशेविषयी सांगतो. मरीया पायांशी कोसळून रडत असते. तिला तो एकही उपदेश करत नाही, त्याच्याच डोळ्यांना पाणी येते. लाजर पुन्हा उठणार हे त्या कथेत येशूला ठाऊक आहे, तरी तो रडतो. म्हणजे पक्की आशा असलेल्या माणसानेही अश्रू आवरलेच पाहिजेत असे नाही. समोर मार्था आहे की मरीया, हे ओळखायला मात्र आधी ऐकावे लागते.

मित्र रागावला, देव कुठे आहे असे विचारू लागला, तरी घाबरू नये. बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवटही अंधारातच होतो. तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच, असे ही परंपरा मानते. विठ्ठलाशी भांडणारी जनाबाई आणि तुकोबा ज्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० साली दुःखाच्या प्रश्नावर तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला होता. १९६० मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी त्यांनी टोपणनावाने जे छोटे पुस्तक छापले त्यात युक्तिवाद मागे पडून शोक, राग आणि शंका पुढे आल्या आहेत. भेटणारी माणसे विषय काढावा की नाही या विचाराने कशी अवघडतात, हेही त्यात आहे. शेवटी त्यांची श्रद्धा टिकली, पण मधल्या वाटेवर कोणाचे तयार उत्तर त्यांच्या कामी आले नाही.

जागे राहणारे सोबती

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता. पेत्र, याकोब आणि योहान या तीन शिष्यांना त्याने एवढेच मागितले, की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी हीच मागणी आपल्या कामाचे सूत्र मानली. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि आत्म्याची अशी चौपदरी असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. वेदनाशामक औषध वेळेवर देणे आणि हात धरून बसणे ही दोन्ही त्यांच्या श्रद्धेचीच कामे होती. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली उघडलेले ‘शांती आवेदना सदन’ हे भारतातले पहिले हॉस्पिस त्याच वाटेवरचे.

योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी ‘पॅराक्लेटॉस’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ ‘बाजूला बोलावलेला’. मराठी बायबलात त्यासाठी ‘कैवारी’ हा शब्द योजला आहे. ख्रिस्ती माणूस सांत्वनाला जातो तेव्हा त्याने हेच काम थोडेफार करावे, अशी अपेक्षा असते.

पौलाने करिंथकरांना लिहिताना आणखी एक पायरी सांगितली : आपल्याला जो धीर मिळाला तो पुढे दुसऱ्याला द्यायचा असतो. याचे आपल्या भाषेतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घरी आणले. दुष्काळ काय असतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

प्रत्यक्षात काय करावे?

पहिली गोष्ट, जावे. काय बोलायचे हे सुचत नाही म्हणून जायचे टाळू नये. ‘फार वाईट झाले, मला काय बोलावे सुचत नाही’ एवढे म्हटले तरी चालते. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण सांगावी. ‘काही लागले तर कळवा’ असे म्हटले की कळवण्याचे ओझे दुःखी माणसावरच पडते. त्यापेक्षा ‘गुरुवारी जेवण आणतो, मुलांना शाळेतून मी घेतो’ असे नेमके सांगावे. चर्चमधली माणसे आळीपाळीने डबे पोहोचवतात, त्या यादीत आपलेही नाव घालावे. वरणभातही चालतो.

दुसरी गोष्ट प्रार्थनेची. मित्र ख्रिस्ती असेल तर ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ हे शब्द त्याला आधार वाटतात. पण म्हणायचे तर खरोखर करावी. त्याच्यासमोर प्रार्थना करायची असेल तर आधी विचारावे, आणि ती लहान ठेवावी. आपला मार्ग वेगळा असेल तर आपल्या रीतीने करतो असे सरळ सांगावे, त्यात कोणाला कमीपणा नाही. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू आहे. दुःखात पडलेला माणूस दुबळा असतो आणि त्या वेळी त्याला आपल्या धर्मात ओढू पाहणे हा त्याच्या दुःखाचा गैरफायदा आहे. विचारी ख्रिस्ती माणसेही हे मानतात. कोणी तसे करू लागला, तर ‘आज नको’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

तिसरी गोष्ट, श्रद्धा ही औषधाची जागा घेत नाही. महिने उलटूनही झोप, जेवण, काम सुरळीत झाले नाही तर डॉक्टरकडे स्वतः सोबत घेऊन जावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली तर ती मनावर घ्यावी, आणि त्याबद्दल सरळ विचारावे. अमेरिकेत २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस मदत मिळते. आपल्या समाजात असल्या गोष्टी दडवण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. इस्पितळात चॅप्लिन असतात, ते कोणत्याही धर्माच्या रुग्णाजवळ बसतात. अँटन बॉइसेन हे १९२० साली स्वतः मनोरुग्ण म्हणून इस्पितळात राहिले होते. १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांचे ऐकून शिकायला लावले, आणि आजच्या चॅप्लिनचे प्रशिक्षण तिथून वाढत गेले.

शेवटची गोष्ट कॅलेंडरची. पहिल्या पंधरवड्यात फोन खणखणत असतात. तिसऱ्या महिन्यात ते बंद होतात, आणि नेमके तेव्हाच घर खायला उठते. म्हणून मित्राच्या घरी दुःख झाले की पुढची एक-दोन तारखा आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात : तीन महिन्यांनंतरचा एखादा शनिवार, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, वर्षाची तारीख. त्या दिवशी फोन करावा, जमले तर जाऊन यावे. तेव्हा तो काही बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर चहा पिऊन थोडा वेळ बसावे.