सम येईलच, घाई नको

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येणारी बहुतेक मंडळी नोकरदार आहेत. कुणी बँकेतून, कुणी शाळेतून, कुणी दवाखान्यातून थेट येतं. सतरंजीवर बसली तरी त्यांचं अर्धं चित्त ऑफिसात आणि अर्धं रात्रीच्या स्वयंपाकात असतं. म्हणून आल्या आल्या मी गायला सांगत नाही. तानपुरा हातात देते आणि लावायला सांगते.

आमचं मिरज तानपुऱ्यांचं गाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथं येतात आणि सतारमेकरांच्या हातून वाद्यं होऊन देशभर जातात. तानपुऱ्याला तारा चार : पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणायची, मग मणी केसभर सरकवून ती नेमकी मिळवायची. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून तो हळूहळू सरकवायचा. एका जागी तार मुकी वाटते. दोरा किंचित पुढं ओढला की ती एकदम बोलू लागते आणि खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. गांधाराची तार तानपुऱ्याला नसतेच. खर्जाच्या नादातच तो असतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो ऐकताना डोक्यात दुसरा विचार आला की गांधार हरवतो. ‘मन एकाग्र करा’ असं मला कधी सांगावं लागत नाही, ते काम हा दोरा करतो.

‘वर्तमानात जगा’ हा उपदेश हल्ली फार कानावर येतो. कालचं विसरा आणि उद्याचं बघू नका, असा त्याचा अर्थ घेतला तर विलंबित ख्याल कुणालाच गाता येणार नाही. एकतालाच्या मात्रा बाराच, पण विलंबितात एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट सहज लागतं. म्हणजे दोन मात्रांमध्ये जवळजवळ चार सेकंद. नवख्याच्या अंगावर ही मोकळी जागा येते. ती भरण्यासाठी तो आलाप कोंबतो, नवव्या-दहाव्या मात्रेलाच समेकडं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडं, धाव घेतो आणि सम येण्याआधीच तिथं पोचून ताटकळत राहतो. चांगल्या गवयाला मागच्या आवर्तनात निषादावर काय सोडून दिलं ते आठवत असतं, मुखडा कुठून उचलायचा हेही ठाऊक असतं. पण त्याचा गळा उभा असतो तो याच मात्रेवर.

हे शिकवायला माझ्याकडं एकच उपाय आहे. ठेका चालू ठेवायचा आणि विद्यार्थ्याला गाऊ द्यायचं नाही, फक्त बोटांवर मात्रा मोजायला लावायच्या. धिं, धिं, धागे, तिरकिट. तिरकिट पुरतं वाजून होईपर्यंत पुढच्या ‘तू’चा विचार करायचा नाही. सुरुवातीला खांदे ताठ असतात, डोळे घड्याळाकडं जातात. मग केव्हा तरी श्वास खाली उतरतो, आणि समेवर मान आपोआप हलते. ती हलली की म्हणते, आता गा.

बँकेतल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, “ताई, इतकं संथ गाण्यात वेळ वाया नाही का जात?” प्रश्न रास्त होता. मी त्याला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवली. खाँसाहेब आमच्या गावचेच झाले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर फुलवायचा राग तेवढ्यात मांडायचा! तरी त्या तीन मिनिटांत कुठं धावपळ नाही. जिथं सुरावर थांबायचं तिथं ते थांबतातच. वेळेची खरी किंमत कळलेला माणूस मला तिथं ऐकू येतो. सेकंद वाचवण्याचा त्यांनी विचारच केलेला नाही, आणि एकही सेकंद रिकामा गेलेला नाही.

ज्यांना गायचं नाही त्यांनाही हे घरी करून बघता येईल. उस्ताद अमीर खाँ यांची एक प्रसिद्ध एलपी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आता ती मोबाइलवरही मिळते. मारवा दिवस मावळतानाचा, म्हणून तो त्याच वेळी लावा. एकदा सुरू केला की मोबाइल हाताशी ठेवू नका. ताल आहे झुमरा, चौदा मात्रांचा, आणि लय इतकी संथ की पहिल्या काही आवर्तनांत सम सापडणार नाही. शोधू नका. तबल्याचा एकेक बोल येईल तसा ऐका, मात्रा चुकली तर पुढच्या बोलापासून पुन्हा धरा. मारव्यात षड्ज अमीर खाँ फार उशिरा आणि फार जपून लावतात. तो कधी येतो याची वाट बघत बसलात, तर त्याआधीचा कोमल रिषभ ऐकायचा राहून जाईल.