प्लास्टिकला नावं ठेवण्याआधी मधली पिन बघा

देगलूरमध्ये लग्नसराई जवळ आली की एखादं पोरगं पहिला कॅमेरा घेतं. स्टुडिओतला कुणी जाणता तो हातात तोलतो आणि म्हणतो, "हे तर प्लास्टिक आहे की रे! फोटो काय येणार याच्यात?" नांदेड, उदगीर, कुठंही जा, हेच ऐकू येतं. मग ते लेकरू उसनवारी करून जुनी मेटल बॉडी शोधायला हैदराबाद गाठतं. कष्टाचा पैसा असा भलत्याच ठिकाणी जाताना बघून चीड येते.

फोटो भिंगातून आणि सेन्सरवर घडतो. भिंग, सेन्सर आणि आतले भाग जागच्या जागी धरून ठेवणं एवढंच बॉडीचं काम. त्यासाठी वापरलेलं प्लास्टिक बादलीचं नसतं. ते बहुधा काचतंतू मिसळलेलं पॉलिकार्बोनेट असतं. आपल्याकडच्या उन्हात ते फुगेल ही भीती घ्या. साधं पॉलिकार्बोनेट ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं, हे खरं. पण त्यात 20 ते 30 टक्के काचतंतू घातले की ते प्रमाण जवळजवळ ॲल्युमिनियमइतकंच होतं. कॅनननं 2009 साली आपल्या महागड्या 'एल' मालिकेतली 100 मिमी मॅक्रो लेन्स काढली, तिचं बाहेरचं आवरणही प्लास्टिकचंच आहे.

"बरं, पण माउंट तरी धातूचा पाहिजे ना?" हा पुढचा प्रश्न. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास असतं. तेवढा भार प्लास्टिकचा माउंट सहज पेलतो. दीड किलोच्या 70-200 मिमी लेन्सला धातू लागतो आणि तिथं तो असतोच. अमेरिकेत लेन्स भाड्यानं देणाऱ्या लेन्सरेन्टल्सच्या रॉजर सिकाला यांनी हजारो लेन्स हाताळल्यावर 2013 मध्ये लिहिलं, की प्लास्टिक माउंटच्या लेन्स जास्त मोडतात असं त्यांना दिसलं नाही. कित्येक धातूच्या माउंटचे स्क्रूही आत प्लास्टिकमध्येच बसवलेले असतात. तरी शंका उरत असेल तर कॅननची 50 मिमी एफ 1.8 बघा. 1990 च्या लेन्सचा माउंट प्लास्टिकचा होता, 2015 च्या एसटीएमचा धातूचा झाला. आतल्या भिंगांची रचना मात्र तीच राहिली, पाच गटांत सहा भिंगं.

कंपन्या काटकसर करतच नाहीत, असं मी म्हणत नाही. करतात, पण ती हाताला लागत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. कॅननच्या 1500डी, 3000डी आणि 200डी मार्क 2 या कॅमेऱ्यांच्या हॉटशूमधली, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेतली, मधली पिनच काढून टाकली आहे. कंपनीचा फ्लॅश चालतो, पण त्या एका पिनवर चालणारे साधे, स्वस्त ट्रिगर फ्लॅश पेटवत नाहीत. मांडवात दोन लाइट लावून ऑर्डर करणाऱ्यासाठी हा केवढा मोठा तोटा आहे! 3000डीमध्ये तर व्ह्यूफाइंडर नजरेप्रमाणे जुळवायची सोयही नाही. चष्मेवाल्यांनी काय करायचं? निकॉनच्या डी3500 मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस होत नाही. शिवाय या वर्गातल्या बॉडींना धूळ-पाण्यापासून सील नसतं. हळद आणि गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका.

किट लेन्सची खरी मर्यादा उजेडाची आहे. 55 मिमीवर ती एफ 5.6 च्या वर उघडत नाही, एफ 1.8 ची लेन्स तिच्या नऊ पटींहून जास्त उजेड आत घेते. देगलूरजवळच्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराचं कोरीवकाम ट्रायपॉड लावून, एफ 8 वर याच किट लेन्सनं टिपा, बारीकसारीक तपशील उतरतो. रात्रीच्या वरातीत मात्र ती कमी पडते.

आणखीही काही ऐकू येतं. "थायलंडचा माल म्हणजे डुप्लिकेट." निकॉनचा स्वतःचा कारखाना थायलंडात अयुथ्थयाला आहे; 2011 च्या पुरात तो बुडाला होता. "अल्बमला जास्त मेगापिक्सेल लागतात." 24 मेगापिक्सेलचा फोटो 300 डीपीआयला 20 बाय 13 इंचांचा निघतो, 12 बाय 36 च्या करिझ्मा अल्बमचं एक पान 12 बाय 18 चं असतं. "एक लाख क्लिक झाले की शटर गेलं." कंपनीचा आकडा चाचणीचा असतो, मुदत संपल्याची तारीख नव्हे.

पहिला कॅमेरा घेणाऱ्यानं आपला ट्रिगर सोबत घेऊन दुकानात जावं, तिथंच तो लावून फ्लॅश पेटतो का ते बघावं आणि मेटल बॉडीसाठी वेगळे ठेवलेले पैसे 50 मिमी एफ 1.8 ला द्यावेत.