ऋतुचर्या आणि शेतकऱ्याचे आरोग्य

कोणत्या नक्षत्रावर पेरावे, वाफसा आला की नाही, कोळपणी केव्हा करावी, या गोष्टी शेतकऱ्याला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. परंतु ज्या शरीराच्या बळावर हे सारे चालते त्या शरीरालाही ऋतुमान असते, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करण्याची रीत आहे. कष्टाने शिणलेल्या जिवाला विसावा व निगा लागते, हे त्या रीतीमागील तत्त्व माणसालाही तितकेच लागू आहे.

ऋतुचर्येचे तत्त्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील तिसऱ्या अध्यायात ऋतूंनुसार आहारविहार सांगितला आहे. उत्तरायणात सूर्य व वारा यांमुळे सृष्टीतील ओलावा आणि प्राण्यांचे बळ कमी होत जाते, म्हणून त्यास आदानकाल म्हणतात. दक्षिणायनात बळ पुन्हा वाढते, तो विसर्गकाल होय. त्यानुसार हेमंत व शिशिर ऋतूंत शरीराचे बळ उत्तम, वसंत व शरद ऋतूंत मध्यम, तर ग्रीष्म व वर्षा ऋतूंत सर्वांत कमी असते. एका ऋतूचे शेवटचे सात व पुढील ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या चौदा दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडून नवी धरावी, असा नियम आहे.

शेतकऱ्याची अडचण येथेच सुरू होते. ढेकळे फोडणे, धसकटे वेचणे, शेणखत पसरणे ही कामे कडक उन्हाळ्यात येतात आणि पेरणी, लावणी, निंदणी ही पावसाळ्यात. म्हणजे शरीराचे बळ जेव्हा सर्वांत कमी, तेव्हाच शेतीचे काम सर्वांत अधिक. ग्रीष्मात व्यायाम व ऊन टाळावे, असे ग्रंथ सांगतात; पण शेतकऱ्याला काम टाळता येत नाही. तथापि कामाची वेळ, विसावा आणि आहार या तीन गोष्टी बऱ्याच अंशी त्याच्या हाती असतात. ऋतुचर्येचा उपयोग त्याने या तीन बाबींत करून घ्यावा. पंचांगातील महिन्यापेक्षा प्रत्यक्ष हवा पाहून ऋतू ठरवावा, हे अधिक श्रेयस्कर.

उन्हाळा

उन्हाळ्यात मेहनतीचे काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आवरावे व उरलेले काम उतरत्या उन्हात करावे. दिवसा झोपणे आयुर्वेदात एरवी वर्ज्य मानले असले तरी ग्रीष्मात त्यास मुभा आहे. दुपारी झाडाखाली घेतलेली विश्रांती म्हणजे आळस नव्हे.

उष्ण हवेत श्रम करण्याची सवय शरीराला साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत होते, असे आजचे शास्त्रही सांगते. ऋतुसंधीच्या चौदा दिवसांशी हे मिळतेजुळते आहे. म्हणून आजारातून उठलेल्या, परगावाहून आलेल्या किंवा पुष्कळ दिवसांनी रानात उतरणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम सांगू नये. काम थोडे देऊन रोज वाढवावे.

एका बाबतीत मात्र ग्रंथातील सूचना जशीच्या तशी घेता येत नाही. ग्रीष्मात खारट पदार्थ टाळावेत, असे वाग्भट सांगतो. सावलीत बसणाऱ्यास हे चालेल; परंतु दिवसभर घाम गाळणाऱ्याच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते व ते भरून काढणे अवश्य असते. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत ही पेये म्हणूनच उपयुक्त होत. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. रक्तदाबाच्या रोग्याने मिठाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

काम करताना माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडे असो वा घामेजलेले, त्याला तत्काळ सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

पावसाळा

पावसाळ्यात पचनशक्ती मंद होते म्हणून जुने धान्य, मुगासारखे हलके अन्न आणि उकळलेले पाणी घ्यावे, नदीचे पाणी पिऊ नये, असे आयुर्वेद सांगतो. पुराच्या पाण्याबरोबर घाण नदीत व विहिरीत उतरते आणि त्यातून हगवण, कावीळ, विषमज्वर असे रोग पसरतात, हे आज सर्वांना ठाऊक आहे. कारणे दोन्ही शास्त्रे निरनिराळी सांगतात, पण उपाय एकच: पाणी उकळून प्यावे आणि अन्न ताजे खावे.

जुलाब सुरू झाल्यास केवळ लंघन करणे धोक्याचे आहे; लहान मुलांच्या बाबतीत तर ते जिवावर बेतते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर मिसळलेले पाणी पाजून असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. आज जलसंजीवनीची पाकिटे आरोग्य केंद्रात मिळतात. पाकीट जवळ नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. मुलाचे अंगावरचे दूध व नेहमीचे खाणे बंद करू नये.

भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांनी पायाच्या जखमा झाकाव्यात. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप व अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे, ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी.

शरद ऋतू

पावसाळा सरला की ऊन एकदम तापते. या काळात पित्त वाढते, म्हणून कडू, गोड व हलके अन्न भूक लागल्यावरच खावे आणि दही व भर उन्हात वावरणे टाळावे, असे आयुर्वेद सांगतो. कपाशीवरील फवारणीही पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून याच दिवसांपर्यंत चालते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. घामाने ओल्या झालेल्या अंगावरून व कपड्यांतून विष शरीरात सहज शिरते. म्हणून फवारणी सकाळी थंड वेळी, वाऱ्याची दिशा पाहून, हातमोजे व तोंडावर आवरण घालून करावी. पीक डोक्याएवढे वाढले असल्यास विशेष जपावे. उलटी, लाळ गळणे, अंधूक दिसणे अशी लक्षणे दिसताच काम थांबवून कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे आणि औषधाच्या वेष्टनासह रोग्यास रुग्णालयात न्यावे.

हिवाळा आणि वसंत

हेमंत व शिशिर ऋतूंत भूक व बळ दोन्ही चांगली असतात. तीळ, गूळ, बाजरी, तूप यांचा आहार, अंगाला तेल लावणे व कोवळे ऊन घेणे या काळी हितकर होय. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि संक्रांतीचा तिळगूळ ही ऋतुचर्येचीच रूपे आहेत. बांधबंदिस्ती, चर खोदणे, विहिरीतील गाळ काढणे अशी जी भारी कामे पुढेमागे करता येतात, ती उन्हाळ्यावर न ढकलता याच काळात उरकावीत. वसंतात पचायला जड व फार गोड अन्न कमी करावे. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने खाण्याची चालही या ऋतुबदलाशी जुळणारी आहे.

मनाचे स्वास्थ्य

शरीराप्रमाणे मनावरही हंगामाचा भार पडतो. पेरणी होऊन पाऊस लांबला, किंवा कर्जाचा हप्ता जवळ आला की झोप उडते. आषाढीची वारी, नागपंचमीला जमीन न खणण्याचा रिवाज, रात्रीचे भजन यांमुळे कष्टकऱ्याला विसावा व माणसांची सोबत मिळत आली आहे. ती मोडू नये. संथ श्वसन व सुलभ आसने यांनीही मनाचा ताण हलका होतो. परंतु एखादा माणूस एकलकोंडा झाला, जेवेनासा झाला किंवा मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसून ऐकून घ्यावे आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्यावा.

मर्यादा

ऋतुचर्या रोगाला दूर ठेवण्यास मदत करते. ती सर्व रोगांवरील औषध नव्हे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचा दंश, विषबाधा, उष्माघात, न थांबणारे जुलाब व अंगावरचा ताप यांत काढा, मंत्र किंवा लेप यांवर वेळ घालविणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. सर्पदंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलविता रोग्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक ऋतुसंधीच्या सुमारास गावात एक बैठक घ्यावी व येणाऱ्या ऋतूतील कामे, आहार आणि धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत. मजुरांच्या कामाच्या वेळा, पाणी व सावली यांची व्यवस्था त्याच बैठकीत ठरविता येईल. हंगाम साधण्यासाठी शेतकरी जेवढा दक्ष असतो, तेवढाच तो स्वतःच्या व मजुरांच्या शरीराविषयी दक्ष राहिला, तर टाळता येण्याजोगे अनेक मृत्यू निश्चित टळतील.